रामाचा पाळणा, संदलाचे ताट

चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता रामाचा जन्म होतो. आपल्याकडे बोलण्याची रीतच अशी आहे. 'झाला होता' असे कुणी म्हणत नाही. 'चला लवकर, जन्माची वेळ झाली', 'जन्म झाला की मग फराळाला बसू', 'यंदा नेमका जन्माला वळीव आला', अशी वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आतल्या खोलीत बाळंतपण चालू आहे आणि बाहेर ओटीवर घरची माणसे येरझाऱ्या घालताहेत, असा त्या दिवशी देवळाचा नूर असतो.

मी मुसलमान घरातला. मराठीत कविता लिहितो, बी.ए.ला विषयही मराठीच होता. आमचे गाव गोदावरीच्या मुलखातले, शिर्डीहून एस.टी.ने तासाभरावर. घर राममंदिराच्या मागच्या बोळात. तेव्हा रामनवमी मला आधी खिडकीतून कळली, पोथ्यापुराणे फार पुढे हातात आली. आज आपल्याशी बोलायचे आहे ते या उत्सवात नेमके काय काय करतात, आणि आमच्या शेजारच्या शिर्डीत त्याला कोणते वेगळे रूप आले, याविषयी.

गुढीपाडव्याला राममंदिरात नवरात्र बसते. नऊ दिवस सकाळी रामायणाचे वाचन, रात्री कीर्तन किंवा प्रवचन. पहिले आठ दिवस श्रोते बेताचेच. म्हातारीकोतारी माणसे, दोन-चार पेन्शनर आणि खिरापतीवर डोळा ठेवून बसलेली पोरे. नवमीला मात्र सकाळी दहापासून मंडप भरू लागतो. माणसे उपाशी असतात. दारात आंब्याचे डहाळे, गाभाऱ्यासमोर झाकलेला पाळणा, आणि बाजूला गुलालाची ताटे.

त्या दिवशीचे कीर्तन करणे हे मोठ्या जोखमीचे काम. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे निरूपण, मग हार-बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. जन्माच्या कीर्तनात आख्यान ठरलेलेच. दशरथ राजा, तीन राण्या, राजवाड्यात मूल नाही. ऋष्यशृंगाला बोलावून केलेला यज्ञ. अग्नीतून आलेले पायस, त्याची वाटणी, राण्यांचे डोहाळे आणि जन्म. श्रोत्यांना सगळे तोंडपाठ असते. बुवांचे खरे कसब दिसते ते घड्याळाशी चाललेल्या त्यांच्या झुंजीत. साडेअकराला यज्ञच चालू असेल तर पायसाची वाटणी घाईने उरकावी लागते. अकरालाच पायस वाटून झाले असेल तर पुढचा तासभर डोहाळ्यांवर काढावा लागतो. डोहाळे ही फार सोयीची जागा, हवी तितकी ताणता येते. एकनाथांच्या भावार्थरामायणापासून कौसल्येचे डोहाळे युद्धाचे आहेत, तिला राक्षसांशी लढावेसे वाटते. चांगला कीर्तनकार तिथे वीररस ओततो, तबलजीला कामाला लावतो आणि बाराला दोन मिनिटे कमी असताना आवाज एकदम खाली आणतो. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होते. मग एक शब्द, घंटा, शंख, ताशा, आणि मुठीत धरून ठेवलेली फुले सगळी एकदम पाळण्याकडे. कवितेच्या व्यासपीठावर मी पुष्कळ वर्षे काढली, पण हजार माणसांचा श्वास असा मिनिटाच्या हिशेबाने धरून ठेवणारा कवी मला भेटलेला नाही.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. जन्म मध्यान्हीचा, म्हणजे सूर्य माथ्यावर असतानाचा. आपली भारतीय प्रमाणवेळ धरलेली आहे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि आमचा भाग येतो साधारण ७४.५ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून तीस मिनिटे उलटल्यावर. अयोध्या मात्र त्या प्रमाण रेखांशाला जवळजवळ लागून आहे. तिथे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एप्रिलात एकच पडतात. १७ एप्रिल २०२४च्या रामनवमीला तिथल्या नव्या मंदिरात आरसे आणि भिंगे बसवून मूर्तीच्या कपाळावर सूर्यकिरण पाडले, तेही बाराच्या सुमारासच. म्हणजे आमच्या गावात घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला जो जन्म होतो तो अयोध्येच्या सूर्याने होतो, आमचा सूर्य अर्धा तास मागून येतो. हे मी एकदा आमच्या बुवांना सांगितले. ते म्हणाले, "मग बरोबरच आहे की! बातमी यायला तेवढा वेळ लागायचाच."

जन्मानंतर देवळातली सूत्रे पुरुषांच्या हातून बायकांच्या हाती जातात. पाळण्यावरचे वस्त्र काढतात. आत रामाची लहान मूर्ती असते, नाहीतर नारळाला कुंची घालून बाळ केलेले असते. पाळण्याची दोरी हातोहात फिरते. पाळणा म्हणतात. पाळणा हा मराठीतला जुना काव्यप्रकार. पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय, पाचवीला काय, असे करत बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत कडवी येतात. कवी म्हणून मला त्याची बांधणी फार आवडते. महिना नाही, वर्ष नाही, फक्त पहिले बारा दिवस. बाळंतिणीच्या खोलीचे जेवढे आयुष्य, तेवढीच त्या गाण्याची लांबी.

आणि प्रसाद सुंठवड्याचा. सुंठ, खोबरे, साखर, कुठे खसखस-वेलदोडे. हा खाऊ मुळात बाळंतिणीच्या खोलीतला. तिच्या अंगात ऊब राहावी, वात धरू नये म्हणून सुंठ देतात. आमच्या घरांत बाळंतिणीला अछवानी करून देतात, तिच्यातही सुंठ आलीच. कौसल्येच्या वाट्याची सुंठ त्या दिवशी गावभर वाटली जाते, इतका साधा अर्थ आहे. रामजन्मात देव म्हणून रामाची पूजा होते तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, एका बाळंतिणीची उस्तवारी होते. हा उत्सव मुळात एक बाळंतपण आहे, हे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे उलगडत जाते.

आमच्या लग्नाला बरीच वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. खालाने दर्ग्यात लाकडाचा लहानसा पाळणा नेऊन बांधला. दर्ग्याच्या जाळीला असे पुष्कळ पाळणे बांधलेले असतात, आपण पाहिले असतील. इकडे राममंदिरातल्या पुजारीकाकांच्या घरच्या काकू नवमीला माझ्या पत्नीला मुद्दाम बोलावून न्यायच्या. आमच्याकडे रीत आहे की पाळण्यात ठेवलेला नारळ मूल नसलेल्या बाईच्या ओटीत घालतात. काकू म्हणायच्या, "पोरी, पदर पुढे कर." ही पदर पुढे करायची. सहा वर्षे सलग नारळ मिळाला. अम्माने एकदाही नको म्हटले नाही. नारळ आला की ती तो आधी डोळ्यांना लावायची आणि मग फळीवर ठेवायची.

आम्हाला मूल झाले नाही. चमत्काराची गोष्ट सांगायला मी आलेलो नाही. सांगायची आहे ती पत्नीने पुढे कधीतरी सहज बोलून दाखवलेली गोष्ट. ती म्हणाली, गल्लीत कुणाचेही बारसे असले की मला मागे बसवायचे. हिंदूंच्या घरी तसेच आणि आपल्या घरीही तसेच. पाळण्याला हात लावायची वेळ आली की कुणीतरी हळूच मला स्वयंपाकघरात कामाला पाठवायचे. वर्षात एकच बारसे असे होते की जिथे बायका मला ढकलून पुढे करायच्या आणि दोरी हातात द्यायच्या.

तिच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. आख्यानाची सुरुवातच मुळी निपुत्रिक घरापासून आहे. राजा दशरथाच्या मांडीवर मूल नाही, हे गाऱ्हाणे आधी आणि जन्म नंतर. त्यामुळे ज्यांची कूस रिकामी, त्यांचा या पाळण्यावर पहिला हक्क. शास्त्रात असे कुठे लिहिले आहे की नाही कुणास ठाऊक, पण बायकांना ते ठाऊक असते.

शिर्डीच्या रामनवमीची हकिगतही अशाच रिकाम्या पाळण्यापासून सुरू होते. ती गोविंद रघुनाथ दाभोळकर म्हणजे हेमाडपंत यांच्या ओवीबद्ध साईसच्चरितात सहाव्या अध्यायात आहे. कोपरगावी गोपाळराव गुंड नावाचे सर्कल इन्स्पेक्टर होते. तीन बायका करूनही त्यांना मूल नव्हते. पुढे साईबाबांच्या आशीर्वादाने मुलगा झाला अशी त्यांची श्रद्धा. त्या आनंदात त्यांनी १८९७च्या सुमारास शिर्डीत उरूस भरवायचे मनात घेतले. तात्या पाटील, माधवराव देशपांडे वगैरे गावच्या मंडळींनी उचलून धरले. सरकारी परवानगी लागत होती, कुलकर्ण्याने उलटा अहवाल दिला, परवानगी आधी नाकारली गेली आणि खटपटीने मग मिळाली. गावात दोन विहिरी, एक उन्हाळ्यात आटणारी आणि दुसरी मचूळ. पाणी लांबून आणावे लागले. दुकाने बसली, कुस्त्यांचा फड लागला. दिवस मुक्रर झाला तो रामनवमीचा, आणि तो बाबांनी ठरवला असे पोथी सांगते.

इथे 'उरूस' या शब्दापाशी जरा थांबू. मूळ अरबी शब्दाचा अर्थ लग्न. वली पुरुष देह ठेवतो तेव्हा त्याचे परमेश्वराशी मीलन होते, म्हणून पुण्यतिथीला उरूस म्हणायचे. साईबाबांनी देह ठेवला १५ ऑक्टोबर १९१८ला, विजयादशमीच्या दिवशी. म्हणजे हा उरूस सुरू झाला तेव्हा ज्याचा उरूस तो फकीर मशिदीत धुनीपाशी बसून चिलीम ओढत होता! आपल्या खेड्यापाड्यांत उरूस म्हणजे जत्रा एवढाच अर्थ उरला आहे, त्यामुळे कुणाला त्यात वावगे वाटले नाही. भाषा अशी सैल असते म्हणून पुष्कळ गोष्टी सुखाने नांदतात.

गुंडांचे एक स्नेही नगरला होते, दामूअण्णा कासार. त्यांचेही दुःख तेच, मूल नाही. त्यांनी एक निशाण करून दिले. दुसरे भरजरी निशाण निमोणकरांनी दिले. दोन्ही निशाणे गावातून वाजतगाजत नेऊन मशिदीच्या दोन कोपऱ्यांवर लावायची, अशी प्रथा पडली. आणि त्याच दिवशी दुसरी मिरवणूक सुरू झाली, संदलाची. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर नावाचे मुसलमान भक्त, मुंबईला वांद्र्यात दलालीचा धंदा करणारे, त्यांनी ती काढली. पुढे त्यांच्या पत्नीने ती चालवली.

संदल म्हणजे चंदन. उगाळलेले चंदन ताटांत घ्यायचे, पुढे ऊद जळत ठेवायचा, वाजंत्री लावून रात्री दर्ग्याकडे जायचे आणि ते मजारीला लावायचे, अशी आमच्याकडची रीत. शिर्डीत मजार नव्हतीच, मग चंदन लावायचे कशाला? तर मशिदीच्या निंबराला आणि भिंतींना हाताने थापायचे. निंबर हा मशिदीतल्या 'मिंबर' शब्दाचाच शिर्डीकरांनी केलेला उच्चार असावा. ताटे घेऊन जाणाऱ्यांनी ज्याच्यासाठी चंदन आणले तो समोर जिवंत होता आणि ओलसर चंदन लागत होते भिंतीला. मला हे चित्र फार मोलाचे वाटते. रीत तीच ठेवायची आणि जागा बदलायची, हे काम कुठल्याही मौलवीला किंवा शास्त्रीबुवाला न विचारता लोकांनी करून टाकले.

अशी काही वर्षे गेली. दिवस रामनवमीचा, पण रामजन्म काही होत नव्हता. १९११-१२च्या सुमारास अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांबरोबर कृष्णराव जागेश्वर भीष्म नावाचे गृहस्थ आले. वाड्याच्या ओट्यावर ते आणि काका महाजनी बोलत बसले असताना विषय निघाला की आज रामनवमीचा उरूस आहे, तर जन्माचे कीर्तन का करू नये? हरदास कुठून आणायचा, तर भीष्मांनी स्वतः आख्यान रचलेले होते. पेटी काका महाजनी वाजवणार. सुंठवडा राधाकृष्णामाई करणार आणि पाळणाही त्याच देणार. बाबांनी परवानगी दिली. मशिदीत बाबांच्या बैठकीसमोर पाळणा टांगला गेला.

ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. मशीद, तिला नाव द्वारकामाई, तिच्यात पाळणा रामाचा आणि समोर कफनी घातलेला फकीर. बाबांनी कीर्तनापूर्वी महाजनींना बोलावून विचारले की हा पाळणा कशासाठी? त्यांनी सांगितले. बाबांनी निंबरावरचा हार काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि दुसरा भीष्मांसाठी पाठवला. जन्म झाला, गुलाल उधळला आणि तो नेमका बाबांच्या डोळ्यांत गेला. बाबा भडकले, शिव्यांचा पट्टा सुरू झाला, अर्धे लोक पळाले. राधाकृष्णामाईंना धसका, की आता पाळण्याची काही धडगत नाही. महाजनी भीतभीत म्हणाले, पाळणा सोडू का? त्यावर बाबांचे म्हणणे असे पडले की उत्सव अजून पुरा झाला नाही, आताच कसा सोडता?

त्या वर्षापासून उरसाची रामनवमी झाली, पण उरूस गेला नाही. दिवसा निशाणे आणि रात्री संदल. पुढे दासगणू महाराज जन्माचे कीर्तन करू लागले. गर्दी पाच-सात हजारांवरून पाऊण लाखापर्यंत गेल्याचे साईसच्चरितात आले आहे. त्याच ठिकाणी अशीही नोंद आहे की एवढी दाटी होऊनही इतक्या वर्षांत ना साथीचा रोग पसरला, ना नाव घेण्यासारखा दंगा झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला ही दोन्ही भये एका दमात आठवावीत, याची मला गंमत वाटते आणि वाईटही वाटते. पहिल्याचा बंदोबस्त आपण बऱ्यापैकी केला.

दुसऱ्याचे काय सांगावे! २०२३ साली रामनवमी ३० मार्चला होती. आदल्या रात्री छत्रपती संभाजीनगरच्या किराडपुऱ्यात राममंदिराच्या परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली. शिर्डीहून ते अंतर मोटारीने तीन तासांचेही नाही. २०२४च्या ऑक्टोबरात वाराणसीत काही मंदिरांमधून साईबाबांच्या मूर्ती हलवण्यात आल्या, हे शास्त्रात बसत नाही म्हणून. आमच्याकडचेही काही लोक कमी नाहीत. संदल, उरूस, निशाण हे सगळे धर्मात नवे घुसडलेले आहे, तिकडे जाऊ नका, असे मलाही ऐकवणारे भेटतात. दोन्हीकडच्या या सज्जनांचे व्याकरण पक्के असते. मी मात्र बोलीभाषेतला माणूस. त्यांना मी एवढेच विचारतो, की गोपाळराव गुंडांच्या घरी पाळणा हलला तेव्हा आनंदाने त्यांनी काय करायला हवे होते? कोणता शब्द वापरायला हवा होता? त्यांच्या तोंडी 'उरूस' आला. अमीर शक्करांच्या हाती चंदन आले. भीष्मांच्या तोंडी आख्यान आले. ज्याच्याकडे जे होते ते त्याने पाळण्याभोवती आणून ठेवले.

आता शिर्डीचा उत्सव तीन दिवसांचा असतो आणि माणसांचा पूर येतो. मुंबईहून पालख्या घेऊन लोक भर उन्हाळ्यात पायी येतात. पहिल्या दिवशी पोथीची आणि तसबिरीची मिरवणूक निघते, साईसच्चरिताचे अखंड पारायण सुरू होते. कोपरगावाहून कावडीने गोदावरीचे पाणी आणतात. मुख्य दिवशी समाधिमंदिरात जन्माचे कीर्तन होते, बाराला पाळणा हलतो. द्वारकामाईत बाबांच्या वेळेपासून गव्हाचे एक पोते ठेवलेले असते, ते त्या दिवशी बदलून नवे ठेवतात. निशाणेही नवी लागतात आणि संध्याकाळी रथ निघतो. संदलाची रीतही गावाने टिकवली आहे. जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा, पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि कीर्तनाला जागा मिळाली नाही तर खट्टू होऊ नका. रात्रीपर्यंत थांबा. ऊद आणि चंदनाचा वास आधी येतो, ताटे नंतर दिसतात.

आणि जमले तर तिसरा दिवसही गाठा. त्या दिवशी काल्याचे कीर्तन असते. पहिल्या वर्षी मशिदीत लाह्या-दह्याने भरलेले मातीचे मडके टांगले होते. कीर्तन संपल्यावर ते फोडले, काला वाटला आणि मग बाबांनी पाळणा सोडायला सांगितले.